भांडं रिकामं परत देऊ नये

माझे वडील सत्त्याहत्तराव्या वर्षी एकाच वेळी तीन बायकांच्या मागे लागले आहेत, ही बातमी मेसा सेरेनाच्या पूर्वेच्या फाटकापासून पश्चिमेच्या फाटकापर्यंत पोचायला साधारण एक आठवडा लागला. मेसा सेरेना ही निवृत्तांची वसाहत, तिची भिंत सात फूट उंच आहे आणि आतले रस्ते मुद्दाम वळणावळणाचे केलेले आहेत, म्हणून इतका वेळ. सरळ रस्ता असता तर ती दुपारच्या जेवणाआधी पोचली असती. बाबांना ती सगळ्यांत शेवटी कळली आणि मला त्यांच्या तासभर आधी. दोष सर्वस्वी माझा होता, हे आधीच कबूल करते, कारण पुढे समितीला ते मला लेखी द्यावंच लागलं.

आम्ही मिनेसोटाहून येऊन दुसराच दिवस होता. सामान उतरवणारी माणसं निघून गेली होती आणि बाबा गॅरेजमध्ये उभे राहून बर्फाच्या फावड्याकडे पाहत होते. हे फावडं ॲरिझोनाच्या वाळवंटात कशाला आणलं, असं मी विचारलं नाही. चौतीस वर्षं ज्या माणसानं जिल्ह्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, त्यानं निवृत्त होताना फावडं मागे टाकून यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. ट्रकच्या टपावरचा फिरता नारिंगी दिवाही त्यांनी आणला होता. तो त्यांना निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिला होता, आणि आल्या आल्या त्यांनी तो गोल्फ कार्टच्या छपरावर बसवलाही. गोल्फ कार्ट घराबरोबर मिळाली होती. इथे सगळे त्यातूनच फिरतात, वाण्याकडेसुद्धा.

घर आईनं पसंत केलेलं. पडदेही तिनं गेल्या उन्हाळ्यात फोनवरून मापं मागवून स्वतः शिवले होते. ऑक्टोबरमध्ये ती गेली. तोवर गावाकडचं घर विकायचा करार झालेला होता आणि बाबांच्या मते करार हा करार असतो, म्हणून जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं पडदे घेऊन इथे आलो. पडदे अगदी मापात बसले.

मेसा सेरेनात राहायला पंचावन्न वर्षं पूर्ण लागतात. मी सत्तेचाळीसची. माझ्यासारख्या अल्पवयीन पाहुण्याला सलग एकवीस दिवस राहता येतं, आणि तसा तारखेचा हिरवा कागद गाडीच्या काचेवर चिकटवावा लागतो. बाबा म्हणाले होते, "एकवीस दिवस बघतो. नाही जमलं तर तुझ्याबरोबर परत येतो." परत म्हणजे माझ्याकडे, डलूथच्या माझ्या दोन खोल्यांत, कारण दुसरं घर उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "अर्थातच बाबा." आमच्याकडे 'अर्थातच' हा शब्द मनातलं काहीही झाकायला पुरतो.

तर दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. दारात डार्लीन प्रुइट. मूळच्या इंडियानाच्या, ठेंगण्या, केस कापसासारखे, हातात झाकलेलं काचेचं चौकोनी भांडं.

"तुमच्या आईबद्दल कळलं हो," त्या म्हणाल्या. "समोरच्या व्हर्जिलनं सांगितलं. कोंबडी आणि नूडल्स आहेत, वर वेफर्स चुरून टाकलेत. ओव्हनमध्ये वीस मिनिटं. वडिलांना मीठ चालतं ना?"

"सगळं चालतं," मी म्हटलं.

"माझ्या रॉयला चालायचं नाही," डार्लीनबाई म्हणाल्या, आणि त्यांना तिथे मिठाशी संबंध नसलेलं काहीतरी आठवलं असावं, कारण त्या लगेच निघाल्या.

तिसऱ्या दिवशी कॉनी बाचकोव्स्की आली, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा घेऊन. बफलोची, दोन नवऱ्यांची विधवा, आवाज लाकूड कापायच्या यंत्रासारखा. चौथ्या दिवशी टेक्ससची जो-एलेन स्ट्रॉब, घेवड्याचं काहीतरी तिखट घेऊन. तिन्ही भांड्यांच्या तळाशी पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. ते नाव पाहून मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. आमच्या गावच्या चर्चच्या तळघरात अशी चाळीस भांडी ओळीनं मांडलेली असत. कुणाकडे मयत झालं की भांडी निघत आणि महिन्याभरात आपापल्या घरी पोचत. आईचा त्यावर एकच नियम होता: भांडं रिकामं परत देऊ नये. घासून दिलं तर उपकार फेडले, भरून दिलं तर ओळख ठेवली.

आता भरायचं कशानं, हा प्रश्न व्हर्जिल टकरनं सोडवला. हा समोरच्या घरातला. अकरा वर्षांपासून एकटा. गॅरेजचं दार वर करून आत खुर्ची टाकून बसतो आणि रस्त्यावर नजर ठेवतो. इथली बरीच माणसं अशी बसतात. अंगण म्हणजे नियमात मंजूर असलेल्या रंगाची खडी आणि एक निवडुंग, तिथे कोण बसणार. व्हर्जिलच्या मागच्या बाजूला लिंबाची तीन झाडं आहेत, आणि फेब्रुवारीत तो माणूस लिंबांच्या पिशव्या लोकांच्या दाराशी ठेवून घंटा न वाजवता पळतो. आमच्या दाराशी त्यानं दोन पिशव्या ठेवल्या.

मी आईच्या पद्धतीनं लिंबाच्या वड्या केल्या. खाली लोण्यातल्या पिठाचा थर, वर लिंबाचा. तिन्ही भांडी भरली. आणि इथे मी ती चूक केली. मी स्वतः न जाता बाबांना पाठवलं. त्यांनी चार माणसांत मिसळावं, एवढाच हेतू.

इथे आमच्या गावच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण समितीलाही त्या शेवटपर्यंत नीट कळल्या नाहीत. पहिली अशी की कुणी कॉफी विचारली तर दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं. पहिल्यांदा हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट समजला जातो. दुसरी सवय निरोपाची. "बरं, निघतो मग," असं म्हटल्यावर लगेच निघून जाणं म्हणजे पाठ दाखवणं. आधी खुर्चीवरून उठून म्हणायचं, मग दाराशी जाऊन, मग उघड्या दारात उभं राहून हवेबद्दल बोलून. चांगल्या घरचा माणूस अर्ध्या तासाच्या आत निघत नाही.

बाबा चांगल्या घरचे आहेत. डार्लीनबाईंकडे ते पन्नास मिनिटं होते, कॉनीकडे तासभर. बाहेर रस्त्याच्या कडेला गोल्फ कार्ट उभी आणि तिच्यावर नारिंगी दिवा गरागरा फिरतोय. रस्त्यात उभ्या वाहनाचा दिवा चालू ठेवायचा, हा चौतीस वर्षांचा नियम. तो दिवा बर्फाच्या वादळात अर्ध्या मैलावरून दिसावा म्हणून बनवलेला आहे. वाळवंटाच्या लख्ख हवेत तो किती लांबून दिसतो, याचा हिशोब आम्ही केला नव्हता.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"भांडं दिलं," बाबा म्हणाले.

"आणि?"

"हवा चांगली आहे म्हणाल्या. मी म्हटलं, आहे."

दोन दिवसांनी तिन्ही भांडी परत आली. भरलेली. डार्लीनबाईंचं तर मोठ्या आकाराचं होतं. मला बरं वाटलं, ओळख ठेवली गेली असं वाटलं. मी पुन्हा वड्या केल्या, बाबा पुन्हा गेले, दिवा पुन्हा फिरला. भांडी पुन्हा आली. आमच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही. बाबा सकाळी घेवडा, दुपारी नूडल्स आणि संध्याकाळी कोबी खात होते, आणि आईनंतर पहिल्यांदाच त्यांचं वजन थोडं वाढलेलं दिसत होतं. मला वाटलं, जमतंय. बाराव्या दिवशी मी लिंबांचे आभार मानायला रस्ता ओलांडून व्हर्जिलकडे गेले.

"बस, पोरी," तो म्हणाला. "मग, ठरलं का तुझ्या बाबांचं?"

"इथे राहायचं? अजून नाही."

"राहायचं नव्हे. कोण, ते."

"कोण म्हणजे?"

व्हर्जिलनं आवाज खाली आणला. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी. "अगं, इथला रिवाज तुला कुणी सांगितला नाही का? एकट्या पुरुषाला बाई भांडं देते, म्हणजे ती विचारते. रिकामं परत गेलं तर नको. भरून गेलं तर हो. तुझ्या बाबांनी तिघींना हो म्हटलंय. दोनदोनदा. आणि वर दिवा लावून."

"लिंबाच्या वड्या होत्या त्या," मी म्हटलं.

"माझ्याच लिंबांच्या. म्हणून तर मला जबाबदारी वाटते."

"तुम्ही हे आणखी कुणाशी बोललात का?"

"मी? मी कशाला बोलू." मग जरा थांबून, "पोस्टवाल्याशी. आणि पोहण्याच्या तलावावर विषय निघाला तेव्हा. पण विषय मी काढला नव्हता."

मी घरी आले. बाबा गॅरेजमध्ये स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत लावत होते. एकोणपन्नास वर्षं एका बाईबरोबर संसार केलेल्या माणसाला, तिला जाऊन चार महिने झाले असताना, 'तुम्ही तीन बायकांना होकार दिलात' हे कसं सांगावं यावर कुठल्याही पुस्तकात काही मिळत नाही. मी बरीच वाचली आहेत. शेवटी जसं ऐकलं तसं सांगितलं.

बाबांनी एक स्क्रू हातात धरून ठेवला. "हं," ते म्हणाले. मग तो डब्यात टाकून, "आपल्याकडे आत्ता किती भांडी आहेत?"

"तीन."

"रिकामी द्यायची?"

आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरच्या तीन घासलेल्या भांड्यांकडे पाहत उभे राहिलो. त्यांत काही न घालता ती कुणाच्या दारात नेणं आम्हा दोघांनाही शक्य नव्हतं. भरून द्यावं तर तिसरा होकार. तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि माझ्या युक्तीचा मला अभिमान वाटला, हेही कबूल करते. भांडं भरायचं, पण अशा गोष्टीनं की जिच्यात प्रेमाचा अंशही सापडू नये. मी सुके आलुबुखारे आणले, जे माणूस फक्त पोट साफ होण्यासाठी खातो. तिन्ही भांडी काठोकाठ भरली. बाबांना बजावलं, दिवा बंद, कॉफी नाही, दारातूनच परत.

"किती वेळ उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"उभं राहायचंच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांना चोरी करायला सांगितल्याचा भाव होता. तरी गेले, आणि प्रत्येक दारात फक्त वीस मिनिटं थांबून आले.

संध्याकाळी जो-एलेननं मला भाजीच्या रांगेत गाठलं आणि दंडाला धरून बाजूला घेतलं. तिचे डोळे ओले होते. "तुझ्या बाबांना सांग, बाळ," ती म्हणाली. "माझा वॉल्टर गेल्यापासून माझ्या पोटाची चौकशी कुणी केली नव्हती."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाच्या कार्यालयातून पत्र आलं. सही ब्रेंडा ओडेल, स्वास्थ्य व शिस्त समिती. आरोप तीन. एक, राहत्या घरातून खाद्यपदार्थांचं उत्पादन व वाटप. दोन, विनापरवाना फिरता दिवा. तीन, पंचावन्नपेक्षा कमी वयाची व्यक्ती पाहुणी म्हणून दाखवून प्रत्यक्षात स्वयंपाकाला ठेवणे. सुनावणी गुरुवारी दुपारी दोन वाजता, क्लबच्या मोठ्या खोलीत. तिसरा आरोप सिद्ध झाल्यास व्यक्तीनं चोवीस तासांत परिसर सोडावा.

"मला नोकर म्हटलंय," मी म्हटलं. ग्रंथपाल म्हणून मी बावीस वर्षं काम केलं आहे. विद्यापीठात.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. "तुला घालवलं तर दोघं जाऊ," ते म्हणाले. "सामानाचा ट्रक बोलावतो." आणि हे सांगताना त्यांचा आवाज एकदम हलका झाला. दोन आठवडे मी ज्याला 'जमतंय' म्हणत होते, ते बाबांचं फक्त एकवीस दिवस मोजणं होतं.

डलूथच्या दोन खोल्या डोळ्यासमोर आल्या. एका टेबलाशी आम्ही दोघं समोरासमोर, रोज, आईचं नाव न घेता जेवतोय. मुलीनं असा विचार करू नये. मी केला, आणि मग उठून बाबांचा शर्ट इस्त्री केला, गुरुवारसाठी.

सुनावणीला समितीची पाच माणसं आणि ऐकायला साठेक. इतक्या लोकांना पत्र गेलं नव्हतं. ब्रेंडा ओडेल या कोरड्या, नीटनेटक्या बाई. समोर नियमांचं एकशे बारा पानी पुस्तक. व्हर्जिल पहिल्या रांगेत, साक्षीदार म्हणून, टाय लावून. दुसऱ्या रांगेत डार्लीनबाई, कॉनी आणि जो-एलेन शेजारी शेजारी, आणि एकमेकींशी त्या अजिबात बोलत नव्हत्या. मला वाटलं, संपलं. आता इथे तिघी भांडणार आणि बाबा मध्ये उभे.

ब्रेंडाबाईंनी विचारलं, "श्री. आमोट, तुम्ही किती भांडी वाटलीत?"

"नऊ," बाबा म्हणाले.

"मोबदल्यात काय मिळालं?"

"भांडी."

मागून कुणीतरी हसलं. ब्रेंडाबाईंनी लिहून घेतलं. "मग वाटण्याचा हेतू काय होता?"

बाबा गप्प राहिले. ते गप्प राहतात तेव्हा माणसांना वाटतं की मोठं काहीतरी येणार आहे, आणि सहसा काहीच येत नाही. मी त्यांच्याऐवजी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात जरासा वर केला.

"हे मी कधी केलं नव्हतं," ते म्हणाले. "भांडी जॉयस पोचवायची. माझी बायको. मी फक्त गाडी चालवायचो आणि बाहेर थांबायचो. ती आत काय बोलायची मला माहीत नाही. एवढा वेळ काय बोलायची, कुणास ठाऊक. भांडं रिकामं द्यायचं नाही, एवढं माहीत होतं." चार महिन्यांत मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. "मला कुणाशी लग्न करायचं नाही. माझं झालेलं आहे. कुणाला तसं वाटलं असेल तर माफ करा."

मग कॉनीनं इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतली माणसं वळली.

"सुटले," ती बाबांकडे पाहत म्हणाली. "आर्ने, मी तुमची शपथ घेऊन सांगते, मी दोन आठवडे झोपले नाही. माझ्या दारात हा माणूस चाळीस मिनिटं उभा. 'बरं, निघतो मग' म्हणतो आणि निघत नाही. मला वाटलं आता गुडघ्यावर बसतोय. म्हटलं, बसला तर याला उठवायचं कुणी?"

"पण तू भरून पाठवत होतीस ना भांडं," जो-एलेन म्हणाली.

"मग काय रिकामं पाठवू? माझ्या आईनं थडग्यातून उठून मला मारलं असतं. तू का पाठवत होतीस?"

"बिचारे कॉफीलासुद्धा नको म्हणायचे. दोनदोनदा. मला वाटलं, दुःखानं खाणं सोडलंय. आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"मलाही नाहीच म्हणायचं होतं," डार्लीनबाई हळूच म्हणाल्या. "रॉय गेल्यापासून मला फार बरं वाटतंय. हे बोलू नये, पण वाटतंय. टीव्ही माझ्या हातात असतो. पण भांडं भरून आलं, आता उत्तर दिलं नाही तर बरं दिसत नाही. इंडियानात असंच असतं."

"मग साक्षीदाराच्या जबानीतला तो रिवाज?" ब्रेंडाबाईंनी पुस्तकाची पानं उलटली. "भरलेल्या भांड्याचा रिवाज कुठल्या कलमात आहे?"

"कसला रिवाज?" तिघी एकदम म्हणाल्या.

साठ माणसांनी व्हर्जिलकडे पाहिलं. व्हर्जिलनं टाय सैल केला.

"व्हर्जिल," कॉनी म्हणाली, "तुझी एलिनॉर गेली तेव्हा मी तुला निळ्या झाकणाचं भांडं दिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. ते कुठंय?"

"आहे," व्हर्जिल म्हणाला.

"आणि माझं?" डार्लीनबाई म्हणाल्या. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझंसुद्धा," आणि त्यामागून आणखी एक.

"सगळी आहेत," व्हर्जिल म्हणाला. "गॅरेजमध्ये, कपाटात, घासून. चौदा." त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "रिकामी द्यावी तर तुम्हाला वाईट वाटेल, असं मला वाटलं. भरून द्यावी तर... मला काही करता येत नाही. आणि भलतं वाटायचं. म्हणून ठेवली. मग वर्ष झालं. मग वर्ष झाल्यावर कशी द्यायची, हा प्रश्न आला."

रिवाज त्यानं अकरा वर्षं गॅरेजमध्ये बसून, स्वतःच्या कपाटाला कारण म्हणून, एकट्यानं तयार केला होता. मला त्याच्यावर रागवायचं होतं. पण दाराशी लिंबं ठेवून घंटा न वाजवता पळणाऱ्या माणसावर रागावता येत नाही.

समितीचा निर्णय अर्ध्या तासात आला. खाद्यपदार्थांबद्दल दोष नाही. मी नोकर नसून मुलगी असल्याचं मान्य. मात्र वड्या मी केल्या हे लेखी द्यावं. दिवा दहा दिवसांत काढावा. यावर बाबांनी विचारलं, "दहा दिवसांत बर्फ पडला तर?" आणि ब्रेंडाबाईंनी तेही लिहून घेतलं. टक्कर यांनी चौदा भांडी महिन्याअखेर परत करावीत, असं इतिवृत्तात आलं. समितीनं टकरचं 'टक्कर' केलं होतं, पण व्हर्जिलनं हरकत घेतली नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी बाबांची वाट पाहत होते. ते आले, पण कॉनी त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली.

"पत्ते येतात का तुम्हाला? युकर?"

"येतात थोडे," बाबा म्हणाले. आमच्या गावात थंडीच्या प्रत्येक शनिवारी आई आणि ते जोडीनं खेळायचे. गेले चार महिने पत्त्यांचा डबा आम्ही उघडला नव्हता.

"आम्ही तिघी आहोत. मार्ज मुलाकडे ओरेगनला गेली आणि आमचा चौथा हातच गेला. एक वर्ष झालं, नुसत्या गप्पा मारतो. एकमेकींचा कंटाळा आलाय. उद्या तीन वाजता या."

"नको, तुमचं चाललंय ते चालू द्या."

"या हो," जो-एलेन म्हणाली.

"उगाच तुम्हाला त्रास."

कॉनी वैतागून वळणार, इतक्यात डार्लीनबाईंनी तिच्या कोपराला धरलं. त्यांनी काहीतरी ओळखलं होतं. "आर्ने," त्या म्हणाल्या, आणि हे तिसरं आमंत्रण होतं, "तीन वाजता."

"बरं," बाबा म्हणाले. "थोडा वेळ येतो."

त्यानंतरचे दिवस मी फारसं काही केलं नाही. लिंबं होती ती पिळून गोठवली. बाबा रोज तीनला जात आणि साडेसहाला येत. काय झालं विचारलं तर "हरलो" किंवा "जिंकलो" म्हणत. एकदा म्हणाले, "डार्लीन पानं मोजत नाही," आणि त्यात इतकी तक्रार होती की मला ते दुसऱ्या एखाद्या माणसाबद्दल, जो इथे कायमचा राहतो अशा माणसाबद्दल, बोलल्यासारखं वाटलं. राहणार की येणार, हे मी विचारलं नाही. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी फ्रिजवर माझ्या विमानाची वेळ लिहिलेला कागद लावला. त्यावर एकच नाव होतं, माझं.

एकविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता मी बॅग बाहेर काढली, टॅक्सी यायची होती. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चौतीस वर्षं ते पहाटे साडेतीनला उठून खिडकीतून रस्ता पाहायचे, बर्फ पडलाय का. आई गेल्यापासून तर मी त्यांना झोपलेलं असं पाहिलंच नव्हतं, रात्रभर खुर्ची करकरायची. आता ते पालथे पडून घोरत होते आणि एक पाय पांघरुणाबाहेर होता. आईच्या पडद्यांमधून उजेड येत होता, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी दोन मिनिटं उभी राहिले. उठवलं असतं तर नीट निरोप झाला असता. मी दार तसंच ठेवून निघाले.

विमानतळावर फोन वाजला. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत. फोन आई करायची आणि मागून त्यांचं "हं" ऐकू यायचं.

"तू गेलीस," ते म्हणाले.

"तुम्ही झोपला होतात."

"किती वाजले होते?"

"सात वाजून गेले होते."

"सात," ते म्हणाले, जणू शेजाऱ्याची एखादी बातमी ऐकली. मग, "काल या तिघींना सांगितलं, जॉयस कशी लबाडी करायची पत्त्यात."

"आई? लबाडी करायची?"

"नेहमी. चांगली पानं आली की कानातल्याला हात लावायची. आम्ही बावीस वर्षं चर्चमध्ये हरलो नाही. तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"हं. आता ठेव फोन, मला दाढी करायचीय. आज खेळ आमच्याकडे आहे."

फोन बंद झाला. आमच्या घरात खोटं बोलायचं नाही, रांग मोडायची नाही, भांडं रिकामं द्यायचं नाही, हे सगळे नियम जिनं केले, ती बाई चर्चच्या तळघरात पाद्र्यासमोर बसून बावीस वर्षं पत्त्यात फसवत होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी हो म्हटलं. विमान सुटेपर्यंत मी एकटीच हसत होते.